मदत हवी आहे: 'लिटल मिस सनशाइन'च्या वळणाचा सिनेमा सुचवा

'लिटल मिस सनशाइन' (२००६) आमच्या घरात सगळ्यांना बेहद्द आवडला. न बोलण्याचं व्रत घेतलेला मुलगा, ढकलल्याशिवाय सुरू न होणारी पिवळी व्हॅन, आणि जो तो आपापल्या परीने हरलेला. आता तसाच दुसरा हवाय.

'द रॉयल टेनेनबॉम्स' (२००१) मला आवडला, पण बाकीच्यांना नुसता सजवलेला वाटला. 'द स्क्विड अँड द व्हेल' (२००५) चांगलाच आहे, मात्र घटस्फोटाचा कडवटपणा इतका की हसू घशातच अडकतं. ग्रीक 'डॉगटूथ' (२००९) मी एकट्याने पाहिला. तो सगळ्यांसोबत बसून बघणं शक्यच नाही! 'कॅप्टन फँटास्टिक' (२०१६)ही झालाय.

सोबत तेरा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे बाबा असतील. भाषा कुठलीही चालेल, सबटायटल्स हवीत. दोन तासांच्या आत संपावा. शिव्या चालतील (बाबा त्याहून जास्त देतात), पण उघडी दृश्यं आणि रक्तपात नको. शेवटी सगळे एकदम शहाण्यासारखे वागू लागतात तसला गुळगुळीत प्रकारही नको.

कुटुंब शेवटपर्यंत विस्कटलेलंच राहतं, तरी पोट धरून हसवतं, असा कुठला सिनेमा सुचवाल?