‘मुखडा’, ‘सम’ आणि ‘साथ’: जॅझच्या एका नव्या रचनेवरील अभिप्रायांची शब्दचर्चा

विचारणा

टेनर सॅक्सोफोन, पियानो, डबल बास आणि ड्रम्स अशा चार वादकांसाठी मी एक रचना केली आहे. ती एफ मेजरमध्ये आहे. आठ-आठ बारचे, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या आठ-आठ विभागांचे, चार भाग असून पहिला, दुसरा आणि चौथा भाग एकाच चालीचा आहे, तर तिसरा भाग, ज्याला वादक ‘ब्रिज’ म्हणतात, ए-फ्लॅट मेजरमध्ये जाऊन परत येतो. गती मिनिटाला १४० ठोक्यांची आहे. ध्वनिमुद्रण आणि लिहिलेली प्रत मी काही जाणकारांकडे अभिप्रायासाठी पाठवली. त्यांपैकी ज्यांचे कान ख्यालगायनावर घडले आहेत, त्यांनी आवर्जून मराठीत लिहिले, याचा मला फार आनंद झाला. परंतु त्यांच्या तीन वाक्यांपाशी मी अडलो आहे. पहिले वाक्य असे की, “मुखडा सुरेख आहे, पण तो समेवर येत नाही.” दुसरे, “३२ मात्रांचे आवर्तन लांबट वाटते.” तिसरे, “साथ मुख्य वादकावर कुरघोडी करते.” या वाक्यांतून काहीतरी खरे सांगितले जात आहे असे मला जाणवते, पण नेमके काय दुरुस्त करावे ते कळत नाही. ‘मुखडा’, ‘सम’, ‘मात्रा’, ‘साथ’ हे शब्द जॅझच्या छोट्या संचाला लावता येतात का, आणि येत असतील तर कोणत्या अर्थाने?

प्रतिसाद

आपण पाठवलेले ध्वनिमुद्रण मी चार वेळा ऐकले आणि प्रत समोर ठेवून पाचव्यांदा ऐकले. शब्दांविषयी लिहिताना रचनेविषयीही लिहावे लागेल, कारण माझ्या मते येथे चुकीच्या शब्दामुळे एक खरा दोष झाकला गेला आहे.

‘मुखडा’पासून सुरुवात करू. ख्यालात बंदिशीचा जो तुकडा समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, घेऊन जातो आणि दर आवर्तनाच्या शेवटी पुन्हा घेतला जातो, त्याला मुखडा म्हणतात. चित्रपटगीतात अंतऱ्याच्या आधी येणाऱ्या, पुनःपुन्हा परतणाऱ्या ओळींना मुखडा म्हणतात. जॅझमधील ‘हेड’ या दोहोंपैकी काहीच नाही. हेड म्हणजे सगळीच्या सगळी बांधलेली चाल, जी आरंभी एकदा पूर्ण वाजते, मग वादक पाळीपाळीने आपली उपज, म्हणजे त्या क्षणी सुचलेले वादन, मांडतात आणि शेवटी ती पुन्हा पूर्ण वाजते. आपल्याकडच्या शब्दांत तिच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘गत’ हा आहे. एक तर तो वाद्यसंगीतातलाच शब्द आहे. दुसरे म्हणजे गत ही पूर्ण वस्तू असून मुखडा हा तिचा एक भाग असतो. तीनतालातील मसीतखानी गतीचा मुखडा बाराव्या मात्रेपासून उठतो, असे सतार शिकणारा विद्यार्थी आरंभीच शिकतो, त्यातच या दोन शब्दांमधला फरक आला.

तरीही ‘गत’ येथे पूर्णपणे बसत नाही. सतारवादक विस्तार करताना वारंवार गतीकडे परततो आणि तीच श्रोत्याचा आधार असते, तर जॅझमध्ये दोन हेडच्या मधल्या काळात चाल ऐकू येत नाही. मागे उरते ती फक्त तिच्याखालची कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची, मालिका, आणि प्रत्येक वादक त्या मालिकेवरून चालत असतो. म्हणून समजावून सांगताना ‘गतीसारखी बांधलेली चाल’ म्हणावे आणि लिहिताना ‘हेड’च ठेवावे, असे माझे मत आहे.

‘चाल’ या शब्दालाही एक अडचण आहे. मराठीत आपण ‘चाल लावतो’, म्हणजे शब्द आधी असतात असे आपण गृहीत धरतो. संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर आधीच्या एखाद्या गाण्याचा उल्लेख ‘चाल’ म्हणून असे. चाल जुनी आणि शब्द नवे. जॅझमध्ये याच्या जवळची पण वेगळी रीत आहे. जॉर्ज गर्श्विन यांच्या १९३० सालच्या ‘आय गॉट रिदम’ या गाण्याची कॉर्डमालिका घेऊन पुढच्या पिढ्यांनी कितीतरी नव्या चाली बांधल्या, म्हणजे तेथे जुनी राहिली ती मालिका आणि नवी झाली ती चालच. आपला ब्रिजपूर्व भाग ऐकताना मला त्या मालिकेची आठवण झाली, आणि ब्रिज मात्र पूर्णपणे आपला आहे. ए-फ्लॅटमधून जी-मायनर आणि सी-सेव्हनवरून एफकडे उतरण्याची जागा हा या रचनेतला सर्वांत देखणा भाग आहे.

आता ‘सम’. समेला आपल्याकडे जे वजन आहे ते जॅझमधील बारच्या पहिल्या ठोक्याला नाही. ड्रमवादकाचा पाय हाय-हॅट (झांजांची जोडी) वाजवतो तो दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, आणि चालीतले महत्त्वाचे स्वर अनेकदा बार सुरू होण्याच्या अर्धा ठोका आधीच येऊन पोचतात. हिंदुस्थानी संगीताच्या आजच्या वापरात समेच्या आधी येण्याला ‘अनागत’ आणि सम उलटल्यावर येण्याला ‘अतीत’ म्हणतात. आपल्या चालीतला सातव्या बारचा एफ हा अनागत आहे आणि तो तसाच असायला हवा. “समेवर येत नाही” हे वाक्य वाचून आपण तो स्वर बारच्या पहिल्या ठोक्यावर आणून बसवलात, तर चालीची सगळी उसळी निघून जाईल.

मात्र त्या श्रोत्याला काहीतरी खटकले, हे खरे आहे, आणि तेच मलाही खटकले. सातव्या आणि आठव्या बारमध्ये सॅक्सोफोन तो एफ दोन्ही बार लांबवून धरतो, तर त्याच काळात पियानो आणि बास एफ, डी-सेव्हन, जी-मायनर-सेव्हन, सी-सेव्हन अशा कॉर्डचा फेरा घेऊन पुढच्या भागाची वाट उघडत असतात. डी-सेव्हनमध्ये एफ-शार्प आहे आणि सी-सेव्हनमध्ये ई आहे; वर धरलेला एफ या दोघांनाही अर्ध्या स्वराच्या अंतरावरून घासतो. पहिले घर्षण ब्लूजची चव देते म्हणून चालून जाईल, पण दुसरे थेट पुढच्या भागाच्या तोंडाशी येते. (स्वरनामे मी पियानोच्या हिशेबाने लिहितो आहे; टेनरवादकाच्या कागदावर तोच एफ ‘जी’ म्हणून लिहिलेला असेल.) म्हणजे दोष चाल समेवर न येण्याचा नाही, चाल घरी लवकर पोचते आणि खालची मंडळी अजून वाटेत असताना ती दार लावून घेते, हा आहे. याला ‘विसावा’ हा शब्द मी सुचवीन. अभिप्राय असा लिहिता आला असता: “सातव्या बारमध्ये चालीचा विसावा फार लवकर येतो आणि फार लांबतो.” या वाक्यातून दुरुस्ती आपोआप सुचते. एफ दोनच ठोके धरावा आणि मग सॅक्सोफोनने गप्प राहावे.

‘३२ मात्रा’ ही सरळ चूक आहे. मात्रा म्हणजे ठोका. बार म्हणजे चार मात्रांचा विभाग. आपली रचना ३२ बारची, म्हणून १२८ मात्रांची आहे, आणि १४० च्या गतीने तिचा एक फेरा साधारण ५५ सेकंदांत पुरा होतो. ‘आवर्तन’ हा शब्द मात्र मला अत्यंत योग्य वाटतो, कारण जॅझवादक ज्याला ‘कोरस’ म्हणतात तो नेमका हाच फेरा आहे. “सॅक्सोफोनने तीन आवर्तने घेतली” असे लिहिले तर मराठी वाचकाला लगेच कळते. अतिविलंबित एकतालातल्या बारा मात्रांनाही जवळजवळ एवढाच वेळ लागू शकतो, आणि त्या श्रोत्यांना तो लांबट वाटत नाही. येथे तो वाटला, कारण एकतालात आपण कोठे आहोत हे तबल्याचे बोल सांगतात, तर या संगीतात ते काम कॉर्ड करतात, आणि तो कान वेगळा घडावा लागतो. हा दोष रचनेचा नाही.

‘साथ’ या शब्दात मुख्य कलाकार आणि साथीदार अशी उतरंड गृहीत आहे. चार जणांच्या जॅझ संचात ती सैल असते. पियानोवादक आता दुसऱ्याच्या उपजेखाली कॉर्ड पेरत असतो आणि पुढच्या आवर्तनात तोच पुढे येतो. तबल्याच्या एकल वादनात पेटीवर जो लेहरा धरला जातो, तो काल मोजून देतो पण संभाषण करत नाही. जॅझमधला पियानो दोन्ही करतो. म्हणून मी ‘संगत’ म्हणेन. आपल्या ध्वनिमुद्रणात पियानोचा उजवा हात सॅक्सोफोनच्याच उंचीच्या स्वरांत फिरतो, त्यामुळे संगत दाटते. ‘कुरघोडी’ या शब्दात हेतूचा आरोप आहे आणि तो अन्यायाचा आहे. ‘दाटते’ पुरेसे आहे. पियानोने चालीच्या खाली राहावे, किंवा चाल थांबते तेथेच बोलावे.

मूळ रचनाकाराचे उत्तर

आपले मनापासून आभार. सातव्या बारविषयी आपण जे लिहिलेत ते वाचून मी पियानोवर वरचा एफ धरून खालचा फेरा वाजवून पाहिला आणि सी-सेव्हनपाशी कान चमकला. हे मला महिनाभर ऐकू आले नव्हते, कारण मी लिहिताना चाल आणि कॉर्ड वेगवेगळ्या वेळी लिहिले होते.

दोन शब्द आणखी विचारतो. इंग्रजीतल्या अभिप्रायात, हेड वाजताना बासने बारला दोनच स्वर वाजवावेत आणि उपज सुरू झाली की चार वाजवावेत, अशी सूचना आहे. याला ‘दुगुन’ म्हणता येईल का? आणि ‘स्विंग’ला मराठीत काय म्हणावे? एका जाणकारांनी माझ्या ड्रमवादकाविषयी “ठेक्यात झोल आहे” असे लिहिले आहे, आणि ही प्रशंसा आहे की तक्रार, हे ठरवता न आल्याने मी ते त्याला अजून दाखवलेले नाही.

प्रतिसाद

‘दुगुन’ येथे चपखल आहे. दुगुनीत मूळ लय बदलत नाही, तीच लय ठेवून तेवढ्याच काळात दुप्पट स्वर किंवा बोल बसवले जातात. बास दोनांवरून चारांवर जातो तेव्हा नेमके हेच घडते. केवळ ‘लय वाढली’ असे लिहू नये, कारण लय १४० चीच राहते आणि तरीही संच पुढे निघाल्यासारखा वाटतो. सूचना उत्तम आहे. आपल्या ध्वनिमुद्रणात बास पहिल्या बारपासूनच चार वाजवतो, त्यामुळे सॅक्सोफोनची उपज सुरू होते त्या क्षणी काही नवे घडल्याची जाणीव होत नाही.

‘झोल’विषयी अधिक सावध राहावे लागेल. दोन टोकांना बांधलेली दोरी मध्ये जी सैल लोंबते, तिला झोल म्हणतात; कहरव्याच्या ठेक्यात वादक जो लडिवाळ हेलकावा आणतात, त्यालाही झोल म्हटले जाते आणि तेव्हा ती प्रशंसा असते. परंतु आज मुंबईच्या बोलीत झोल म्हणजे गैरप्रकार, आणि लेखी वाक्यात आवाजाचा सूर सोबत नसल्याने वाचक तोच अर्थ आधी घेतो. आपल्या जाणकारांना प्रशंसाच करायची असावी असे मला ध्वनिमुद्रण ऐकून वाटते, कारण ड्रमवादकाची राइड झांज खरोखर डुलते आहे. मी ‘डौल’ लिहीन: “ठेक्याला डौल आहे.” तरीही ‘स्विंग’ हा शब्द बदलू नये. त्यात ठोक्याची असमान विभागणीही आहे आणि चौघांनी मिळून पुढे झेपावणेही आहे, आणि ‘डौल’ त्यातला निम्माच भाग सांगतो.

मराठीने हे परके शब्द कोठून उचलले, याचाही विचार करावा. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईत आले, ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहात आणि नंतर चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत वाजवू लागले. पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र आणि गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी १९५१ च्या ‘अलबेला’साठी एकत्र काम केले, तेव्हा ‘बार’, ‘कॉर्ड’, ‘सोलो’ हे शब्द मराठी संगीतकारांच्या रोजच्या बोलण्यातलेच होते. ‘कॉर्ड’साठी ‘स्वरसंवाद’ किंवा ‘स्वरमेळ’ घडवणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण ‘संवाद’ हा वादी-संवादीच्या नात्यात आणि ‘मेळ’ हा थाटाच्या अर्थाने आधीच गुंतलेला आहे. तेथे जॅझचा अर्थ लादला तर दोन्हीकडे गोंधळ होतो.

शेवटी एक विनंती. आपण अभिप्रायांना ‘टीका’ म्हटले नाहीत, ‘अभिप्राय’ म्हटलेत. पण मला ‘टीका’ हा शब्दही परत हवा आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीकाच आहे, आणि तेथे टीका म्हणजे ओवीओवीने अर्थ उलगडणे. बार क्रमांक देऊन, स्वर सांगून, काय ऐकू आले आणि काय ऐकू यायला हवे ते लिहिणे हे त्या जुन्या अर्थाच्या अधिक जवळ आहे. दुसरी प्रत तयार झाली की पाठवावी. सातव्या बारमधला विसावा आणि बासची दुगुन एवढे दोन बदल करून, पियानोला मी अद्याप हात लावू नये असे म्हणेन; सॅक्सोफोन गप्प राहिलेल्या त्या सहा ठोक्यांत पियानो काय बोलतो, ते आधी ऐकावे.