सनद घेतली, आता बेळगावात बसू की कोल्हापुरात?

निपाणीची_लेक:
नमस्कार मंडळी. आर.एल. लॉ कॉलेजातून एलएलबी झालं, कर्नाटक बार कौन्सिलची सनद पण आली, एआयबीई (वकिलांची अखिल भारतीय परीक्षा) तेवढी द्यायचीय. घरचे म्हणतात बेळगावात कुणातरी सिनियरकडं बस, कॅम्पात मावशी आहे, राहायची सोय होते. पण माझं मन कोल्हापूरकडं ओढतंय. आमच्या निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, लहानपणापासून बाजार, दवाखाना, रंकाळा सगळं तिकडंच, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) पण तिथं सुरू झालंय. कर्नाटकच्या सनदेवर तिकडं उभं राहता येतं का? माझं कन्नड बोलण्यापुरतं चांगलं आहे, लिहिताना अडखळते. आणि खरं सांगायचं तर मला कामानंतर थोडं जगायचं पण आहे, संध्याकाळी तळ्याकाठी तासभर तरी.

चिकोडी_कोर्ट:
सनदेची काळजी सोड. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम ३० २०११ पासून लागू आहे, देशात कुठल्याही कोर्टात उभी राहू शकतेस. कायमचं तिकडंच राहायचं ठरलं तर कलम १८ खाली नाव महाराष्ट्राच्या रोलवर, म्हणजे तिथल्या वकिलांच्या यादीत, नेता येतं, कायद्याप्रमाणं त्याला फी नाही. एआयबीई मात्र लवकर दे. दुसरं म्हणजे नुसतं बेंच बघून जाऊ नको. तिथं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या ६ जिल्ह्यांची अपिलं आणि रिट चालणार, साक्ष, उलटतपासणी, मनाई अर्ज हे हाताला लागतं ते खालच्या कोर्टात. सुरुवातीची वर्षं तिथंच घाल.

खानापूरकर_काका:
बाळा, बेळगाव एवढ्यात सोडू नको असं मला मनापासून वाटतं. आपला भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुनी खरेदीपत्रं, वाटणीपत्रं मराठीत, त्याच्या आधीची कितीतरी मोडीत. जमिनीच्या दाव्यात हे कागद निघतातच आणि ते वाचून कन्नडमध्ये मांडणारे वकील आता फार कमी राहिलेत, पक्षकार अक्षरशः शोधत फिरतात. मोडी शीक, कन्नड लिहायला शीक, दोन्ही आलं की तुला काम शोधत जावं लागणार नाही. आणि एक ध्यानात ठेव, बेळगावच्या केसचं अपील कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड बेंचला जातं, कोल्हापूरला नाही, म्हणजे राहणार कोल्हापुरात आणि पक्षकार निपाणीचे असं केलंस तर सगळा जीव हायवेवरच जाईल. तळंच पाहिजे तर किल्ला तलाव आहे की, अशोक सर्कलला, सकाळी चालायला किती लोक असतात बघ एकदा.

संकेश्वरची_वकिलीण:
मी कोल्हापुरातच राहते म्हणून लिहिते. काकांचं मोडीचं म्हणणं शंभर टक्के खरं, पण ते काम इकडं पण आहे. सीमेवरच्या कितीतरी घरांची जमीन निम्मी कागल तालुक्यात, निम्मी निपाणीत. अशा वाटणीच्या दाव्यात सीपीसीचं (दिवाणी प्रक्रिया संहितेचं) कलम १७ उपयोगाला येतं, मिळकतीचा काही भाग ज्या कोर्टाच्या हद्दीत आहे तिथं सगळ्या जमिनीचा दावा लावता येतो. मग एकाच फायलीत सातबारा मराठी आणि आरटीसी (कर्नाटकातला सातबारा) कन्नड, दोन्ही येणारी पोरगी सिनियरला सोन्यासारखी वाटते. खालच्या कोर्टाचं कामकाज मराठीत, तो एक मोठा आधार.
राहण्याचं म्हणशील तर जिल्हा कोर्ट कसबा बावड्याला, रंकाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळं खोली रंकाळ्याकडं घेतलीस तर रोज गाव ओलांडून जावं लागतं. मी तेच करते आणि मला त्याचं काही वाटत नाही. सुरुवातीला ज्युनियरला पैसे कमीच मिळतात, घरून थोडी मदत धरून चल. पण कोर्ट सुटल्यावर दुसऱ्या दिवशीची फाईल वाचून झाली की तळ्याला फेरी मारायची, चौपाटीवर भेळ खायची, शालिनी पॅलेसच्या बाजूनं वारा येत असतो, दिवसभर डोक्यात घोळणारी उलटतपासणी तिथं चालताना आपोआप सुटते. बाईमाणसाला एकटीनं निवांत बसता येतं एवढी गर्दी असते. असं जगायचं मन असण्यात काही चुकीचं नाही ग.

निपाणीची_लेक:
काका, ताई, सगळ्यांचे खूप आभार. कलम १७ वाचलं होतं पण आमच्याच गल्लीतल्या वाटण्या डोळ्यासमोर आल्या नव्हत्या. एआयबीईचा अभ्यास सुरू करते, मोडीचा वर्ग कुठं चालतो ते पण बघते. ताई, बावड्याला दिवाणी काम जास्त असणारे आणि कागलचे दावे घेणारे कुणी सिनियर असतील तर मेसेज करा, येऊन भेटते.