साऊथ पार्क: जुने टोमणे डोक्यावरून जातायत

रात्रपाळी:
घरचे झोपले की हेडफोन लावून साऊथ पार्क ही अमेरिकन कार्टून मालिका बघतोय. शिव्या, पादणं, कार्टमन नावाच्या कार्ट्याचा नीचपणा, सगळं झेपतं. पण मध्येच कुठला तरी अमेरिकन नट नाहीतर सिनेटर टपकतो आणि मी मठ्ठासारखा बघत बसतो. दर वेळी थांबवून विकिपीडिया उघडला तर हसायचं राहूनच जातं. तुम्ही काय करता?

चावट_काका:
थांबवू नकोस रे. हा माल गरमागरमच खायचा. साधारण सहा दिवसांत एक भाग उरकतात, म्हणून त्याच आठवड्याची बातमी आत येते. २००८ ला ओबामा निवडून आले, दुसऱ्या दिवशी भाग हजर! २०१६ ला मात्र हिलरी जिंकणार असं धरून बसले होते. निकाल उलटा लागला, घाईघाईत भाग फिरवला, नाव ठेवलं ‘ओह, जीझ’. (माझा लाडका भाग, गोंधळासकट.)

प्राची_रिमोट:
काकांशी अर्धीच सहमत. २०१९ चा ‘बँड इन चायना’ बघण्याआधी थोडं वाच. चिनी सेन्सॉरपुढे हॉलिवूड कसं लोटांगण घालतं, त्यावर आहे. चीनने मालिकाच नेटवरून पुसली. मग मालिकेचे कर्ते पार्कर आणि स्टोन यांनी एनबीएचं (अमेरिकन बास्केटबॉल लीग) नाव घेत खोटीखोटी माफी मागितली. एनबीएचं हाँगकाँग प्रकरण (एका संघाच्या मॅनेजरने हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा दिला, चीन भडकला, लीगने नमतं घेतलं) माहीत नसेल तर निम्मी मजा गेली.

रात्रपाळी:
बघितला! पण विनी द पू, ते गोष्टीतलं अस्वल, तुरुंगात काय करतोय?

प्राची_रिमोट:
शी जिनपिंग यांचा फोटो पूशेजारी ठेवून बघ.