एसीच्या कामात मालाचा खर्च टनावर धरावा की मीटरवर?

प्रश्न:
नागपूरच्या मनीषनगर भागातील एका दुमजली दवाखान्यात दीड टन क्षमतेचे आठ स्प्लिट एसी बसवण्यासाठी आम्हाला कोटेशन द्यायचे आहे. यंत्रे डॉक्टर स्वतः घेणार असून पाइप, इन्सुलेशन, केबल, ड्रेन आणि स्टँड एवढा माल आमचा राहील. एरवी आम्ही टनामागे ठरावीक रक्कम धरतो. मात्र येथे सर्व आउटडोर (एसीचे बाहेर बसणारे भाग) गच्चीवर जाणार असल्याने तळमजल्याचे पाइपिंग बरेच लांबते. हिशेब कशाच्या आधारावर करावा?

उत्तर 1:
टनाचा दर येथे उपयोगाचा नाही. प्रत्येक एसीच्या जोडणीला लागणारे तांब्याचे पाव इंची आणि अर्धा इंची पाइप 0.8 मिलिमीटर जाडीचे घेतल्यास दोन्ही मिळून मीटरला साधारण 390 ग्रॅम तांबे लागते. म्हणजे चार मीटरच्या जोडणीला दीड किलोच्या आसपास, तर चौदा मीटरच्या जोडणीला साडेपाच किलो, आणि यंत्र दोन्हीकडे दीड टनाचेच! म्हणून टेप घेऊन प्रत्येक मार्ग वळणांसह मोजावा. पाइपची गुंडाळी बहुधा 15 मीटरची असते. आठ मीटरचा मार्ग काढल्यावर उरलेला सात मीटरचा तुकडा दुसरीकडे बसतो का, हे आधीच जुळवून पाहावे. सरसकट दहा टक्के वेस्टेज धरण्यापेक्षा हे बरे. कोटेशनमध्ये पाइपची जाडी अवश्य लिहा, कारण 0.7 मिलिमीटरच्या पाइपला सुमारे दहा टक्के तांबे कमी लागते आणि समोरच्याचा स्वस्त दर पुष्कळदा तिथूनच आलेला असतो.

उत्तर 2:
तांब्याचा भाव जागतिक बाजार आणि डॉलरच्या दराबरोबर हलतो. त्यामुळे कोटेशनची मुदत थोडी ठेवावी आणि ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त लागणाऱ्या प्रत्येक मीटरचा दर त्यातच लिहून द्यावा. बिलाच्या वेळी होणारी घासाघीस टळते. लांब पाइपमुळे एसीत भरावा लागणारा वाढीव गॅसही वेगळा दाखवावा. तो किती लागेल, हे कंपनीच्या तक्त्यात दिलेले असते.

उत्तर 3:
गच्चीवरचे इन्सुलेशन कोणी हिशेबात नीट धरत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जाणाऱ्या आपल्या गावी उघडे काळे नायट्राइल रबराचे इन्सुलेशन उन्हाने तडकते, तेव्हा त्यावरचे आवरण किंवा झाकणाचा ट्रे मालात धरावाच लागतो. इन्व्हर्टर यंत्रात दोन्ही पाइप स्वतंत्रपणे गुंडाळायचे असतात, म्हणजे इन्सुलेशनची लांबी मार्गाच्या दुप्पट होते. यंत्रे हॉट अँड कोल्ड (हिवाळ्यात गरम हवाही देणारी) असतील, तर हिवाळ्यात आउटडोरमधूनही पाणी गळते. त्याचा ड्रेन वेगळा काढावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. यंत्रे हॉट अँड कोल्डच आहेत. आउटडोरचे पाणी गच्चीच्या उतारावर सोडले तर चालेल का?

उत्तर 3:
गच्चीला वॉटरप्रूफिंग असेल आणि उतार पन्हाळीकडे असेल, तर चालेल. अन्यथा तेवढा पीव्हीसी पाइप मोजून धरा. एकूण खर्चात तो किरकोळ असतो.