गावच्या यात्रेतलं नाटक विसरू नका

जावळीच्या डोंगरातून मुंबईला गेलेल्या एका नटाविषयी वाचलं की नाटक म्हणजे काय हे त्याला मुंबईतच कळलं. मुंबईनं त्याला घडवलं हे मान्य, पण गावाला त्यातून वगळू नका. आमच्या पाटण तालुक्यातून माथाडी कामाला, म्हणजे ओझी वाहायला, पुष्कळ माणसं मुंबईला गेली. माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील इथल्याच मंद्रुळकोळे गावचे. मुंबईत गावकीची एक खोली असायची, तिथं वीस-पंचवीस जण पाळीपाळीनं झोपायचे. यात्रा जवळ आली की त्याच खोलीत तालमी. माझे चुलते दिवसभर पोती वाहून यायचे आणि रात्री वहीत उतरवलेली भाषणं पाठ करायचे. ती वही अजून घरी आहे. पानांच्या कडांना हळदीचे पिवळे डाग आहेत, मसाला बाजारातल्या पोत्यांचे. मग यात्रेत देवळापुढं प्रयोग. आवाज पोचला नाही तर मागून म्हाताऱ्या ओरडायच्या, "मोठ्यानं बोल रं बाळा!" माईकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत शब्द नेणं चुलते तिथं शिकले.

आणि नटानं परक्या मुलखातून येणं हेही नवं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं, त्यामागं कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे, म्हणजे पुराणकथा नाचून-गाऊन सादर करणाऱ्यांचे, खेळ होते. ते खेळ पाहूनच सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं. आपल्या रंगभूमीच्या पहिल्या पानावरच घाटवाटा तुडवत आलेले पाहुणे आहेत.