मदत हवी आहे: हेमिंग्वेनं केलेली टवाळी मराठीत कशी पोचवू?

नमस्कार मंडळी. धरमपेठेतल्या आमच्या वाचनगटात येत्या रविवारी अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या 'द टॉरेंट्स ऑफ स्प्रिंग' या कादंबरीवर (१९२६) बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय. ज्या शेरवुड अँडरसन या लेखकानं हेमिंग्वेला सुरुवातीला हात दिला, त्याच्याच 'डार्क लाफ्टर' या कादंबरीची यात यथेच्छ टर उडवलीय. दहाएक दिवसांत लिहिली आणि पाठवली कुठे, तर अँडरसनच्याच प्रकाशकाकडे! त्यांनी अर्थातच नाकारली.

अडचण पुढे आहे. पंपाच्या कारखान्यातलं योगी जॉन्सन नावाचं पात्र स्वतःलाच प्रश्नावर प्रश्न विचारत बसतं, अगदी अँडरसनच्या थाटात. काल दोन पानं मराठीत करून बायकोला ऐकवली. पोह्यांवर तर्री ओतता ओतता ती म्हणाली, "हा माणूस बरा आहे ना?" मूळ वाचलेलंच नसेल तर नक्कल कळणार कशी?

आधी अँडरसनचं एखादं पान वाचून दाखवावं का? की सगळी मजाच जाईल?

आणि दुसरं, रविकिरण मंडळातल्या कवींची फिरकी घेणारी अत्र्यांची 'झेंडूची फुले' (१९२५) आहेच, पण त्या कविता. समकालीन लेखकांची अशी खिल्ली उडवणारी अख्खी मराठी कादंबरी कोणी वाचलीय का? शनिवारपर्यंत सांगा बुवा.