मदत हवी आहे: सख्ख्या भावंडांच्या हिमोग्लोबिन एफमध्ये एवढा फरक कसा?

नमस्कार मंडळी. माझ्या दोन्ही मुलांना सिकलसेल आहे, दोघंही एसएस (म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सिकलसेलचं एस जनुक आलेलं). आम्ही नवरा-बायको वाहक. मुलगी १४ वर्षांची, तिचं हिमोग्लोबिन एफ (गर्भातल्या बाळाच्या रक्तात असणारं, जन्मानंतर कमी होत जाणारं हिमोग्लोबिन) २१ टक्के. मुलगा ९ वर्षांचा, त्याचं ८ टक्के. दोन्ही एचपीएलसी रिपोर्ट (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) हायड्रॉक्सियुरिया या एफ वाढवणाऱ्या औषधाच्या आधीचे आहेत आणि त्या सुमारास रक्तही चढवलेलं नव्हतं. ताईला क्वचितच त्रास होतो. धाकटा मात्र गारठा वाढला की पोटरी धरून विव्हळतो, रात्र रात्र शेक देत बसावं लागतं.

एफ जास्त म्हणून ताईचा आजार सौम्य, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि पटलंही. एफमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात, त्यामुळे ते एसच्या लांब तंतूंत सामील होत नाही आणि पेशी विळ्यासारखी वाकायला अडथळा येतो. माझा प्रश्न त्याच्या मागचा आहे.

एफ कमीजास्त करणाऱ्या तीन जागांबद्दल वाचलं: ११व्या गुणसूत्रावर गॅमा जनुकाजवळचा एक्सएमएन-वन नावाचा डीएनएतला बदल, दुसऱ्यावरचं बीसीएल११ए हे जनुक आणि सहाव्यावर एचबीएस१एल व एमवायबी या जनुकांच्या मधला भाग. एक्सएमएन-वन तर बीटा जनुकाच्या अगदी शेजारी. आम्हा प्रत्येकाकडे एस असलेलं एकच ११वं गुणसूत्र, आणि तेच दोन्ही मुलांना गेलं. म्हणजे हा बदल दोघांत सारखाच असणार ना? वयानेही उलगडा होत नाही, कारण वयाबरोबर एफ उतरतं आणि इथे मोठीचंच जास्त आहे. मग फरक बीसीएल११ए किंवा सहाव्या गुणसूत्रामुळे असावा, असं मला वाटतं. या विचारात कुठे चूक असेल तर कृपया स्पष्ट सांगा. अल्फा थॅलेसेमियाची (हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळ्या कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) तपासणी दोघांचीही झालेली नाही, तीही करावी का?

बीसीएल११ए हे गॅमा जनुक दाबून ठेवतं आणि २०२३ साली मान्यता मिळालेल्या कॅसजेव्ही या जनुक-उपचारात नेमका त्याचाच रक्तपेशींतला स्विच बंद करतात, म्हणून या जनुकाकडे जास्त लक्ष जातंय.

आता धाकट्याला हायड्रॉक्सियुरिया सुरू करायचंय. ही जनुकं तपासून औषधाने त्याचं एफ किती चढेल याचा अंदाज खरंच बांधता येतो का? की औषध सुरू करून दर काही महिन्यांनी एफ, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि पांढऱ्या पेशी बघत राहणं हाच मार्ग? कुणी मुलांच्या या तपासण्या केल्या असतील, तर उपचारात त्यामुळे काही बदललं का, तेही कळवा.